बिनमुदतीचं गाऱ्हाणं

बहारीनमधल्या उम्म अल हस्समच्या आमच्या फ्लॅटमध्ये कधी कुठलं झाड जगलं नाही. तुळससुद्धा दोनदा आणली, दोनदा वाळली. नळाचं पाणी किंचित खारट, बाहेर भट्टी आणि आत एसी. त्यामुळे माझा मेहुणा संदेश आफ्रिकेतून गावी जाताना वाटेत आमच्याकडे उतरला आणि त्याने कागदात गुंडाळलेला एक रानकांदा बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या हातावर ठेवला, तेव्हा मी म्हणालो, "भजी तळू या."

"विषारी असता तो, भावोजी," संदेश हसला. टांझानियात माळरानातून जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर तो होता. "थंय सगळा गवत करपता, आणि मगे पानांच्या आधी ह्येचा फूल वर येता. लालभडक चेंडू."

आपल्याकडे हौशी लोक ह्यालाच मे फ्लॉवर म्हणतात. सुरेखाने तो कौतुकाने कुंडीत पुरला. वर काहीच आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात संदेश हरवला. साइटवरून जीप घेऊन निघाला. जीप माळावर सापडली, तो सापडला नाही. आईवडील गेल्यावर सुरेखानेच त्याला वाढवलं होतं. तिने जेवण सोडलं. फोन वाजला की दचकायची, आणि नाही वाजला की त्याहून जास्त.

एका सकाळी तिने कुंडी देव्हाऱ्यापुढे आणून ठेवली, नारळ मांडला आणि कुडाळला देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, माझो भाव खंय आसात थंय त्याका सांभाळ. आमी ह्या रोपाक पाणी घालतंव तोवर त्याका काय्येक होव देव नको."

मी पुण्याचा, त्यातून इंजिनियर. पण बायकोचा चेहरा बघवत नव्हता. "होय म्हाराजा," मी म्हणालो.

तिने तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी मातीतून जाड देठ वर आला होता, आणि आठवड्याच्या आत त्यावर लाल तंतूंचा गोळा फुलला. पान एकही नाही. घरात जळक्या गवताचा वास येऊ लागला. मी एसीची जाळी धुतली. वास गेला नाही.

मग संदेश सापडला. गुराख्यांना दिसला, पाय मोडलेला, पण शुद्धीवर. एवढे दिवस उन्हात पडूनही ह्याच्या अंगातलं पाणी कसं आटलं नाही, हे डॉक्टरांना कळेना. सुरेखा फोन छातीशी धरून रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

"सकाळी कोणतरी डोक्यार पाणी ओती, ताई," तो फोनवर म्हणाला. "खारट लागायचा."

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीकडे पाहिलं नाही.

तो कुडाळला परतला. फूल मात्र कोमेजलं नाही. नंतर सुरेखा तापाने फणफणली आणि माझी साइटवर डबल शिफ्ट होती, तेव्हा एक दिवस कुंडी कोरडी राहिली. संध्याकाळी गावाहून फोन आला: संदेश अंगणात कोसळला, सलाईन लावलंय.

"मुदत घालायची राहिली," सुरेखा हळूच म्हणाली. गाऱ्हाण्यात अमुक झालं की अमुक देऊ आणि आम्हाला मोकळं कर, असं शेवटी म्हणायचं असतं. ते ती घाईत विसरली होती. आता देवाला नारळ देऊन झाले, गुरवाला फोन झाले. फूल तसंच.

तिला भावाला डोळ्यांनी बघायचं होतं. पण घर सोडून जायचं कसं? शेजारचा उबेद पाणी घालायला तयार होता. "आणि विसरला तर?" ती म्हणाली.

अखेर मीच डोकं चालवलं. एसीच्या पाण्याची नळी ओढून कुंडीत सोडली. उन्हाळ्यात बहारीनमध्ये एसी बंद होत नाही. थेंब थेंब, अखंड. पाणी आम्हीच घालतोय, घरातूनच घालतोय. सुरेखा कित्येक महिन्यांनी मोकळी हसली.

कुडाळला पोचलो तेव्हा रणरणतं ऊन होतं. संदेश काठी टेकत अंगणात आला. सुरेखाने त्याला घट्ट मिठी मारली.

तो वाळला होता. डोळे लाल होते, झोप नसल्यासारखे.

शर्टाची कॉलर ओली होती.

"भावोजी," सुरेखाच्या खांद्यावरून तो मला म्हणाला, अगदी हळू, तक्रार नसल्यासारखं. "पाणी थंड आसा. पण आता थांबणाच नाय."

माझा हात खिशात गेला. एसी बंद करायचं बटण माझ्या फोनमध्ये होतं.

सुरेखाने ओढणीने त्याचं कपाळ पुसलं. कोरडं केलं.

केसांतून दुसरा थेंब ओघळला.