एक्केचाळीस नंबरची काच

आमच्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे जरा भाव खाणंच आहे. दोन खोल्या, दोन लांब टेबलं, काच भाजायची एक भट्टी आणि रस्त्याकडे उघडणारी एक रुंद खिडकी. माझी थोरली बहीण आणि मी तिथं जुन्या रंगीत काचांची तावदानं दुरुस्त करतो. काम दोघांनी करायचं आणि नावं ताईनं ठेवायची, अशी वाटणी आहे.

ती रुंद खिडकी ताईची. दाजी रोज दुपारी एकला सायकलवरून समोरच्या कोपऱ्यावर वळायचे आणि आम्ही तिघं जेवायला बसायचो. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तरी एक वाजला की ताई हातातलं काम टाकून खिडकीशी जायची, दोन्ही तळवे चौकटीवर टेकायची आणि कोपऱ्याकडे मान वळवून दहा मिनिटं उभी राहायची. काच पुसायची खडूची भुकटी हाताला असायची, त्यामुळे लाकडावर दोन पांढरे ठसे उमटायचे. संध्याकाळी मी ते पुसून टाकायचो. त्या दहा मिनिटांत मला तिच्याकडे बघवायचं नाही.

भाचीचे दिवस भरत आले होते. ‘आई, आता तरी ये,’ म्हणून तिनं शुक्रवारच्या गाडीचं तिकीट पाठवलं. याआधी दोनदा ताईनं नाही म्हटलं होतं.

“एक वाजता इथं कुणीतरी नको का?” एवढंच ती म्हणायची.

अशात गावातले एक निवृत्त मास्तर त्यांच्या वाचनालयाचं तावदान घेऊन आले. त्यात बायबलमधली चार माणसं होती. मास्तर दर आठवड्याला बायबलचा वर्ग घेत आणि त्यांचं ठाम म्हणणं होतं, की ही माणसं म्हणजे माणसं नव्हेतच, मनाच्या अवस्था आहेत.

“हा योना, म्हणजे पळ काढणारं मन,” ते बोट ठेवत म्हणाले. “ही मार्था, सतत कामाला जुंपलेलं. हा थोमा, बोट लावून पाहिल्याशिवाय न मानणारं. आणि ही लोटची बायको. गाव जळत होतं, मागं बघू नका म्हणून सांगितलं होतं. हिनं बघितलं आणि तिथंच मिठाचा खांब झाली.”

“मग मी यातला कोण?” मी विचारलं.

“थोमा. तोंडावरूनच कळतं.”

ताई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. मग त्या चौथ्या बाईकडे बघत राहिली. त्या बाईला चेहराच नव्हता. मान मागं वळलेली, दिसत होता तो फक्त तपकिरी केसांचा अंबाडा.

“ही मी करते,” ताई म्हणाली.

आमची एक पद्धत आहे. तावदान सोडवण्याआधी त्यावर कागद ठेवून मेणाचा खडू घासायचा. काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा ठसा उठतो, त्यात प्रत्येक काचेचा नंबर लिहायचा. तो अंबाडा एक्केचाळीस नंबर. तुकडे पुन्हा त्या कागदावरच जुळवतात, त्यामुळे चुकायला वावच नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या काचांवर पांढरी भुकटी दिसली. ताईनं पुसली, ती पुन्हा आली. मी बोटाला लावून चाखली, तर खारट. यात नवल नव्हतं. भिंतीत ओल असली की मीठ बाहेर येतं. तावदान आता भिंतीत नाही, टेबलावर आहे, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

गुरुवारी ताई गुणगुणत शेवटचा सांधा भरत होती. सहज घड्याळात पाहिलं, तर सव्वा वाजून गेला होता. ती जागची हलली नव्हती.

“ताई, एक वाजून गेला.”

“हो का? भूक लागली म्हणून सांग की सरळ.”

आम्ही तावदान उचलून उजेडात धरलं. लोटची बायको समोर बघत होती.

तिला चेहरा होता, कपाळावर बटाही. मी कागद ताडून पाहिला. पट्ट्या त्याच, एक्केचाळीस नंबरचा आकार तोच. चेहरा रंगवला तर तो भाजावा लागतो, आणि भट्टी आठ दिवस बंद होती.

“मान अवघडली असेल बिचारीची,” ताई म्हणाली आणि बॅग भरायला घरी गेली.

मास्तर न्यायला आले, त्यांनी पाहिलं, आणि त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“मग ती मागं बघणारी गेली कुठं?” मी विचारलं.

“अवस्था कुठं जाणार? या घरातून त्या घरात.” त्यांनी चष्मा पुसला. “तुमच्या मानेला काय झालं?”

“काही नाही. झोपेत लचकली.”

शुक्रवारी ताई गाडीत बसली. गाडी सुटली, तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावरही मी बराच वेळ तिथंच होतो.

भाचीला मुलगी झाली. तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला, मागं बाळाचं रडणं.

“नाक थेट तुझ्यावर गेलंय, पोरीचं नशीब. मी आता इथंच राहते रे. तू काय करतोयस?”

“काम.”

“एवढं वाजलं तरी? जेवून घे.”

फोन ठेवल्यावर कळलं, मी खिडकीशी उभा होतो.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मान कोपऱ्याकडे वळलेली.

मी चौकटीवरचे हात उचलले. खाली दोन पांढरे ठसे होते.

खडूच्या भुकटीचा डबा सोमवारपासून रिकामा होता.

मी थोमाच. बोट ठशावर फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं.