झाडूच्या पुढचा लाल दिवा

शुद्धलेखनात माझ्या चुका होतात, त्याबद्दल आधीच माफी मागतो. शाळा लवकर सुटली, नंतर हात सायकलींच्या ग्रीसमध्येच राहिले, त्यामुळे शब्दही साधेच सुचतात. गोष्ट माझी नाही. लेओन्सकाकांनी ती सायकलचं दुकान बंद झाल्यावर मागच्या खोलीत, शेगडीजवळ बसून आम्हा चार-पाच पोरांना सांगितली. त्यांनी ती मेव्हण्याकडून, म्हणजे दिदिएकडून ऐकलेली.

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या," काका म्हणाले. आम्ही हसलो. मग त्यांनी सुरुवात केली.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. त्या रात्री आमच्याकडे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे करतात. दिदिए सकाळपासून त्या जास्तीच्या तासाचीच वाट बघत होता. गाईंना घड्याळ कळत नाही, त्या आपल्या वेळेलाच हंबरणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी वाट बघत होता. पहाटे चारला उठलेला माणूस. दोनदा धारा काढून झाल्या होत्या. आणि आता संध्याकाळी सायकलफेरीत त्याच्या गळ्यात झाडू पडला होता.

आमच्या फेरीत सगळ्यांच्या मागून जो येतो त्याला झाडू म्हणतात. त्याच्या सीटमागे खराखुरा झाडू बांधतात. फेरी सगळी खडीच्या वाटांनी जाते, रानातून, आणि शेवटी जुन्या रेल्वेच्या मार्गावरून. रूळ कधीच उपटले, आता तिथे पांढरी खडी आहे. मोटार त्या बाजूला फिरकत नाही. झाडूचा नियम एकच, त्याने कुणाला ओलांडायचं नाही. तो गावच्या हॉलवर पोचला की सगळे आले असं धरतात. सूपचं पातेलं धुतात, दिवे मालवतात, कुलूप लावतात. डोकी कुणी मोजत नाही.

कित्येक वर्षं हा झाडू एदमों नावाच्या म्हाताऱ्याने बांधला. पंधरा दिवसांपूर्वी तो झोपेतच गेला. आता कोण, असं विचारलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. दिदिएला बुटांकडे बघायला जरा उशीर झाला.

त्याच्या पुढे होत्या मादाम व्हेर्न, गावच्या शाळेतल्या जुन्या बाई. अंधार पडला तसा त्यांचा वेग आणखी कमी झाला.

"दिदिए, मागे झाडू घेऊन येतोस, मला अगदी चोरट्यासारखं होतं रे."

"बाई, वर्गात उशिरा मी यायचो. तुम्ही पट्टी घेऊन दारात."

"आणि कारण काय सांगायचास? गाय व्याली! वर्षभर रोज व्यायची तुमची गाय."

दोघं हसले. हसण्यातही दम लागत होता. थोड्या वेळाने बाईंचा गुडघा धरला. जिथे खडीची वाट डांबरी रस्त्याला छेदते तिथे त्यांनी फोन करून बोलावलेला जावई गाडी घेऊन आला. बाईंची सायकल मागे टाकली.

"तुझीही टाक," जावई म्हणाला. "कशाला जीव काढतोस? शेवटच्या तर आमच्या सासूबाईच होत्या."

"झाडू गाडीतून येत नसतो," बाई आतून म्हणाल्या. "एदमों कधी आला नाही."

"एदमोंला गाई नव्हत्या, बाई."

गाडी गेली. दिदिए एकटाच राहिला. नऊ वाजत आले होते. डावीकडे डांबरी रस्ता, नुसता उतार, दहा मिनिटांत हॉल. समोर खडीची वाट, रान, मग बोगदा. त्याच्या पायांना तासभर तरी लागला असता. पुढचे लोक केव्हाच सूप पीत बसले असतील. बघणारं कुणी नव्हतं. त्याने हँडल डावीकडे वळवलं. एक पाय पॅडलवर ठेवला.

तेव्हा त्याला दिवा दिसला.

खडीच्या वाटेवर, झाडांमध्ये, सायकलच्या मागचा लहानसा लाल दिवा. हळू चाललेला.

"च्यायला," दिदिए म्हणाला. कुणीतरी राहिलं होतं. मागे कुणी राहिलं असताना तो हॉलवर गेला असता तर तिथे कुलूप लागलं असतं, आणि हा माणूस रात्रभर दंवात. त्याने हँडल सरळ केलं आणि खडीवर उतरला.

"अहो! थांबा जरा! झाडू आलाय!"

दिवा थांबला नाही. दिदिएने जोर लावला, तर दिव्याने अंतर तेवढंच ठेवलं. मांड्या भरून आल्या, तो सावकाश झाला, तसा दिवाही सावकाश झाला. धाप लागून तो उतरला, हँडलवर डोकं टेकवून उभा राहिला. वर बघितलं. दिवा थांबलेला होता.

त्याची वाट बघत.

मग त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. खडीवर चाक चाललं की आवाज होतो. करकर, करकर. रात्री तर कितीतरी लांब ऐकू जातो. त्याला तो सबंध वेळ ऐकू येत होता... पण एकाच सायकलचा.

त्याच्याच.

लेओन्सकाका इथे थांबले. शेगडीत एक लाकूड सारलं.

"मग परत का नाही फिरला?" आमच्यातल्या मार्तँने विचारलं.

"दमला होता रे," काका म्हणाले. "इतक्या दमलेल्या माणसाला घाबरायलाही त्राण लागतं."

दिवा बोगद्यात शिरला. आणि विझला.

दिदिए तोंडाशी उभा राहिला. आतून गार हवा येत होती. भिंतीवरून पाणी टपकत होतं. आणि आणखी काहीतरी... श्वास. माणसाचा.

"कोण आहे?"

"इकडे... इथे खाली..."

तांगी होता. नुकताच गावात राहायला आलेला गवंडी, पंचविशीचा, एकटाच राहणारा. हॉलवर तो दिसला नसता तर सगळ्यांनी धरलं असतं, गेला असेल घरी. घरी तो आला नाही हे कळायला कुणी नव्हतंच. चाक दगडात अडकून तो पडला होता. घोटा मोडला होता. फोन लागत नव्हता. मागचा दिवा फुटून त्याच्या काचा खडीत पडल्या होत्या.

दिदिएने त्या काचांकडे बघितलं.

"बरं झालं आलात," तांगीचे दात वाजत होते. "ते म्हातारे बाबा म्हणालेच. झोपू नकोस, झाडू येतोय."

"कोण बाबा?"

"आत्ता इथे बसले होते ना. गेले."

"कुठे गेले?"

"तुम्हाला आणायला."

...

दिदिएने त्याला काखेत हात घालून उचललं. तांगीच्या छातीशी काहीतरी चुरचुरलं. जर्सीच्या आत घडी करून कोंबलेला पेपर.

"त्यांनीच दिला. म्हणाले, आत घाल, छाती गार पडू देऊ नकोस. असं कुणी करतं का हो?"

पूर्वी सगळेच करायचे. उतार आला की थांबून पेपर आत सारायचा. अलीकडे गावात एकच म्हातारा तसं करायचा. पोरं त्याला चिडवायची.

दिदिएने पेपर परत नीट आत सारला. तांगीला आपल्या सीटवर बसवलं, एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्याने हँडल, आणि ढकलत निघाला. बोगदा लांब होता. अर्ध्यावर आले असतील.

मागून आवाज आला.

करकर. करकर.

खडीवर सायकल. सावकाश.

"कुणीतरी येतंय," तांगी म्हणाला.

"येऊ दे."

"थांबूया का? त्यांना पुढे जाऊ दे."

"तो पुढे नाही जायचा," दिदिए म्हणाला. "तू मागे बघू नकोस."

ते थांबले की आवाजही थांबे. चालले की सुरू होई. जवळ येत नव्हता, लांब जात नव्हता. दिदिएची मान ताठ झाली होती. पाठीवरून घामाचे ओघळ, आणि घाम गार. बोगदा संपला. रान संपलं. गावातला पहिला दिवा आला. त्या उजेडात पाय ठेवला...

मागे काहीच नव्हतं. नुसती शांतता.

हॉलवर लेओन्सकाका सूपचं पातेलं धरून उभे होते. त्यांनीच गाडी काढली, तांगीला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं. दिदिए सोबत गेला. नर्सने कपडे काढले आणि पेपर त्याच्या हातात दिला. त्याने दिव्याखाली धरून बघितला. आमच्याकडचाच रोजचा पेपर. त्याच शनिवारचा.

"तू घेतोस हा?" त्याने विचारलं.

तांगी म्हणाला, "मी कुठलाच घेत नाही."

पहाटे काकांनी दिदिएला गावाच्या वेशीवर सोडलं. झोप नाही, आणि गाई लांबूनच ऐकू येत होत्या. तरी तो घरी गेला नाही. सरळ एदमोंच्या घराकडे गेला. घर बंद होतं. फाटकाला पत्र्याची मोठी पेटी. पेपरचे पैसे वर्षाचे भरलेले होते आणि बंद करायला कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे पोऱ्या रोज आणून आत कोंबत होता. पंधरा दिवसांचे पेपर, कुणी न उघडलेले, ओल धरलेले.

दिदिएने झाकण उचललं. वरचा पेपर नुकताच पडलेला, रविवारचा. त्याने तो काढला.

खालचा शुक्रवारचा होता.

त्याने सगळी पेटी उपसली, पेपर जमिनीवर ओळीने मांडून बघितले. कालचा तेवढा एकच नव्हता. मग पेपर होते तसे परत ठेवले, झाकण लावलं, आणि धारा काढायला गेला.