दुसऱ्याचा नंबर

सिनेमाबद्दल माझं आणि ताईचं एकमत झालं, तर आम्हा दोघींनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मध्ये तो तीन भावांचा सिनेमा आला, घर विकायचं की नाही यावरून अडीच तास भांडतात तो. मला आवडला. ताईचं म्हणणं, पहिल्या वीस मिनिटांत विकलं असतं तर भाऊही सुटले असते आणि प्रेक्षकही. याउलट कोर्टातला एक जुना, काळा-पांढरा सिनेमा तिने डोक्यावर घेतला होता. मला त्यातला वकील मुद्द्यांपेक्षा भुवयाच जास्त उडवतो असं वाटलं.

आमची पद्धत ठरलेली होती. ताईच्या घराजवळ एक थिएटर आहे. तिथे दुपारच्या खेळाला एका आठवड्यात जुना सिनेमा लागतो, दुसऱ्या आठवड्यात नवा. नवा म्हणजे अगदी ताजा नव्हे, गावभर फिरून दमलेला. ताई तिथे जाऊन पाहायची, मी दुकान सांभाळून तोच सिनेमा घरी टीव्हीवर पाहायचे आणि मग फोनवर आमचं भांडण रंगायचं.

दुकान चष्म्याचं आहे. डोळे मी तपासते आणि काचाही मीच घासून बसवते. माणसाला काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं, यातला फरक मला कळतो. त्यावरच माझं पोट आहे.

तर त्या कोर्टाच्या सिनेमाबद्दल बोलताना ताई म्हणाली होती की, बाकी कुणी नाही तरी जिन्यावरचा माणूस छान आहे. मी विचारलं, कुठला? तिने सांगितलं: कोर्टाच्या जिन्यावर एकजण उभा असतो. चष्मा काढतो, पुसतो, परत घालतो आणि खाली उतरताना पायरी चुकतो. लोक हसतात. एवढंच काम, पण काय करतो म्हणून सांगू.

मला असा कुणी आठवत नव्हता. मी म्हटलं, तुला डुलकी लागली असेल, दोन सिनेमांची खिचडी झाली असेल. ती चिडली नाही. ताईने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. पोरांनी चुकीचं उत्तर दिलं की जशी गप्प राहायची, तशी गप्प राहिली.

पुढचा सिनेमा जहाजावरचा होता. कप्तान चांगला, वादळ खोटं, यावर आमचं चक्क पटलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आज परत होता तो. इंजिनरूमच्या जिन्यावर."

मी तो सिनेमा पुन्हा लावला. जिना होता, कठडा होता, वाफ होती. माणूस नव्हता. ताईला तसं कळवलं, तर तिने अगदी सहज सांगितलं की तुझ्या टीव्हीवर नसेल, थिएटरात आहे. एखादी वस्तू आमच्याकडच्या दुकानात मिळते, तुमच्याकडे येत नाही, असं सांगावं तसं.

मी काय समजायचं ते समजले. दोन वर्षांपूर्वी आमचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, केस कापून येतो म्हणून दुपारी बाहेर पडले आणि परत आले नाहीत. न्हाव्याकडे पोचलेच नव्हते. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो देऊन झाला. ताई या सगळ्यात एकदाही रडली नाही. तिने त्यांची ताटवाटी जागची हलवली नाही आणि दुपारी सिनेमाला जायला लागली. एकटं माणूस अंधारात बसलं की त्याला हवं ते दिसतं. यात मला गूढ काहीच वाटलं नाही. बरोबर जावं, दाखवून द्यावं आणि शांतपणे समजूत काढावी, असं ठरवून मी नवऱ्याला काउंटरवर बसवलं आणि पुढच्या खेळाला गेले.

थिएटर जुनं, पण स्वच्छ आहे. खुर्च्यांची लाल गादी बसून बसून मध्ये खोलगट झालेली. प्रेक्षक पंधरा-वीस असतील, बहुतेक निवृत्त मंडळी, आपापल्या ठरलेल्या जागी. सिनेमा एका हॉटेलमालकिणीचा होता, माझ्या जन्माआधीचा. मालकीण फार गोड बोलते आणि फार वेळ बोलते. मी घड्याळ पाहायला लागले होते, तेवढ्यात ताईने माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

हॉटेलच्या जिन्यावर एक माणूस उभा होता.

मध्यम उंचीचा, अंगात कोट. मालकीण पुढे कुणाशी तरी बोलत होती, तो मागे होता. त्याने चष्मा काढला, कोटाच्या बाहीला पुसला आणि पुन्हा घातला. मान एका बाजूला कलती केली. मग खाली उतरताना त्याने जिथे पायरी नव्हती तिथे पाय टाकला आणि कठडा पकडायला हात केला, तो कठड्याच्या वीतभर अलीकडे. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाई खुदकन हसल्या. मागे कुणीतरी हसलं. म्हणजे तो मला एकटीलाच दिसत नव्हता.

काळ्या-पांढऱ्या सिनेमात रंग कळत नाहीत. पण त्या चष्म्याची एक काडी दुसरीपेक्षा फिकट होती, एवढं मला दिसलं.

घरी येऊन मी तोच सिनेमा टीव्हीवर लावला. मालकीण तशीच बोलत होती. मागे जिना रिकामा होता.

त्या फिकट काडीबद्दल सांगायला हवं. भावजींना डोक्याला मार लागल्यापासून एकाचे दोन दिसायचे. त्यासाठी डाव्या डोळ्याला मी प्रिझमची काच घालून दिली होती. ती एका कडेला जाड असते आणि दोन प्रतिमा ओढून एक करते. पुढे ते चष्म्यावरच बसले आणि एक काडी मोडली. तसली फ्रेम बंद झाली होती, म्हणून मी काळ्या फ्रेमला दुसरीची तपकिरी काडी जोडली. ते कौतुकाने सगळ्यांना दाखवायचे, मेव्हणीने विजोड जोडी जुळवली म्हणून. घरातून गेले तेव्हा हाच चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

पुढच्या आठवड्यातला सिनेमा नवा, रंगीत होता. एका डॉक्टरचा. डॉक्टर दर दहा मिनिटांनी पावसात धावतो आणि कुणाला वाचवत नाही. यापलीकडे मला तो आठवत नाही, कारण मी फक्त जिन्यांवर लक्ष ठेवून होते. इस्पितळाच्या जिन्यावर तो आला. काडी चहाच्या रंगाची होती. उजेड त्याच्या डाव्या बाजूने पडला, तेव्हा काचेची कानाकडची कड जाड दिसली. ती कड मी घासलेली आहे. स्वतःचं अक्षर ओळखू यावं तशी मला ती ओळखू आली.

चेहरा मात्र ओळखीचा नव्हता. त्या दिवशी त्याने चष्मा हातात धरला आणि खिशातला एक कागद नाकापासून वीतभर अंतरावर धरून वाचला. मग चष्मा घातला, मान कलती केली आणि पायरी चुकला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. धंद्यात इतकी वर्षं गेल्यावर माणूस कसा चालतो यावरून मला त्याचा चष्मा कळतो. ज्याचा चष्मा असतो, तो असा चालत नाही. हा दुसऱ्याचा नंबर घालून फिरत होता.

बाहेर आल्यावर आम्ही थिएटरसमोरच्या बाकावर बसलो. कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होते. शेवटी सरळच म्हटलं, "ताई, ते भावजी नाहीत."

"मी कधी म्हटलं, तो म्हणजे हे आहेत म्हणून?" ताई म्हणाली. "यांचा चष्मा आहे त्याच्याकडे. तेवढ्यासाठी जाते मी."

रस्त्यावरून एक बाई सायकल हातात धरून चालली होती, ती वळेपर्यंत आम्ही तिच्याकडे पाहत राहिलो.

मग ताईने एकेक करून सांगितलं. तो दर वेळी जिन्यावरून खाली उतरायला बघतो. पायरी चुकली की थांबतो आणि समोर बघतो, म्हणजे आपल्या खुर्च्यांकडे. त्याला आपण दिसत नाही. डोळे बारीक करतो, पण दिसत नाही. तिने एकदा हातही हलवून पाहिला होता. "त्याला दिसायला लागलं तर निदान विचारता तरी येईल, हा तुला कुठे मिळाला म्हणून," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू त्याला चष्मा करून दे."

डोळे न तपासता मी कधी कुणाला चष्मा दिलेला नाही. पण ताईने माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तो कागद वीतभर अंतरावर धरलेला पाहिल्यापासून माझ्या डोक्यात आकडेमोड चाललीच होती. ज्याला वीतभरच स्पष्ट दिसतं, त्याचा नंबर त्या वितीवरून काढता येतो. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. भीती वाटली का, असं कुणी विचारलं तर नाही वाटली. हाताला काम असलं की मला भीती वाटत नाही. साधी काळी फ्रेम घेतली, काचा घासल्या, बसवल्या, कडा तपासल्या. काम चांगलं झालं होतं. नेहमी सगळ्यांना देते तसा डबीत घालून ताईच्या हातात दिला.

त्या आठवड्यात एका तुरुंगाधिकाऱ्याचा जुना सिनेमा होता. अभिनय एकदम खणखणीत, संगीत कानठळ्या बसवणारं. ताईने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर डबी ठेवली. त्या दिवशी जिन्यावर कुणी आलं नाही. दिवे लागले, तेव्हा खुर्चीवर डबी नव्हती. मी वाकून खाली पाहिलं, मागची रांग पाहिली, गादीच्या फटीत हात घातला. आमच्या रांगेत आमच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. ताईने मला उठवलं आणि पर्स खांद्याला लावली. कुणीतरी उचलली असेल, असं मी म्हटलं. ताई हो म्हणाली.

पुढचा सिनेमा म्हाताऱ्या वादकांचा होता. नवा. पुन्हा एकत्र येऊन शेवटचा कार्यक्रम करायचा, असं काहीतरी. सुरुवात फार सुरेख होती. ट्रम्पेटवाला जुना कोट काढतो आणि तो त्याला होत नाही, त्यावर ताई आणि मी दोघी मनापासून हसलो.

मग सभागृहाचा जिना आला.

तो वरच्या पायरीवर होता. मान सरळ. डोळ्यांवर माझी काळी फ्रेम.

त्याने कठडा धरला नाही. एकेक पायरी उतरत आला, न चुकता. या वेळी कुणी हसलं नाही. वादक पुढे आपसात बोलत होते, त्यांच्या मागून तो शेवटच्या पायरीपर्यंत आला आणि त्याने समोर पाहिलं.

रांगांवरून त्याची नजर सावकाश फिरली. पुढच्या बाईंवर थांबली नाही. ताईवर थांबली.

ताई उभी राहिली. नेहमीच्या आवाजात, वर्गात विचारावं तसं तिने विचारलं, "ते कुठे आहेत?"

लोकांनी वळून पाहिलं. कुणीतरी खाली बसा म्हणालं. ती बसली नाही.

त्याने मान हलवली नाही, ओठही हलवले नाहीत. कोटाच्या खिशातून जुना चष्मा काढला, दोन्ही काड्या मिटल्या आणि वाकून तो शेवटच्या पायरीवर ठेवला. काचा वर राहतील अशा बेताने. आपली नसलेली वस्तू माणूस जशी ठेवतो, तशी.

ताईला ते पुरलं. ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली. दोन वर्षांचं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि डोळे मिटलेले होते. म्हणून पुढचं तिने पाहिलं नाही, आणि मीही तिला सांगितलेलं नाही.

तो गेला नव्हता. त्याने दुसऱ्या खिशातून डबी काढली, डबीतलं काचा पुसायचं पिवळं कापड काढलं आणि उलगडलं. पण काचा पुसल्या नाहीत.

ते कापड मी छापून घेतलेलं आहे. वर दुकानाचं नाव असतं, खाली पत्ता.

तो वाचत होता. आता कागद नाकाशी धरायची गरज नव्हती. ओठ हलत होते, आणि मजकूर मला पाठ असल्यामुळे तो कुठल्या शब्दावर आहे ते मला कळत होतं.

शेवटच्या ओळीत दुकानाची वेळ आहे.

तिथे पोचल्यावर त्याने कापडाची नीट घडी घातली, मनगट वळवलं आणि घड्याळात पाहिलं.