धाकट्या खडकाची हाक

नौकेवरच्या लहानशा प्रयोगशाळेत रेवतीने कानावरचा श्रवणसंच काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पाण्याखालचे आवाज टिपायला सोडलेला जलकर्ण नीट चालत होता. लाटांचा आवाज स्पष्ट येत होता. बाकी काहीच नव्हतं.

"यंत्र बिघडलां काय गो?" दिगूकाकांनी विचारलं.

"यंत्र ठीक आहे, काका. देवखडक गप्प आहे."

देवखडक म्हणजे समुद्रातला प्रवाळाचा खडक; त्याच्यावर जाळं टाकायचं नाही, बुडी मारायची नाही, ही त्यांच्या वाडीची जुनी रीत. काकांनी पर्यटकांसाठी स्कूबाचा व्यवसाय काढला तेव्हा तीच रीत व्यवसायाचा नियम झाली. पर्यटक उतरायचे ते पलीकडच्या धाकट्या खडकावर. तो तेव्हा मेलेला होता. काकांनी तिथे प्रवाळाची एकेक फांदी हाताने बसवली आणि त्यांच्या पुतणीने, रेवतीने, तळाशी आवाज वाजवणारा एक ध्वनिदीप ठेवला. कल्पना साधी होती. माशांची पिल्लं प्रवाहाबरोबर भरकटत असतात. जिवंत खडकाची कडकड ऐकली की ती तिकडे वळतात. म्हणून तिने नौकेतून जलकर्ण सोडून देवखडकाचा आवाज टिपला आणि धाकट्यावर अखंड वाजवला. सहा वर्षांत धाकटा माशांनी गजबजला.

आज ती नवं ध्वनिमुद्रण करायला आली होती. मधल्या काळात देवखडकाकडे कोणी फिरकलंच नव्हतं. ज्याला हात लावायचा नाही, त्याच्याकडे बघायचंही राहून गेलं होतं.

तिने कॅमेरा खाली सोडला. पडद्यावर हिरवट शेवाळ दिसलं. त्याखाली प्रवाळाचे सांगाडे होते.

"मासे खंय गेले?"

"आपल्याकडे. पिल्लं तेवढीच होती, काका. आपण नवी जन्माला घातली नाहीत, नुसती वळवली. इथे शेवाळ खाणारं कोणी उरलं नाही, आणि शेवाळाने प्रवाळ गुदमरला."

काकांनी पडद्याकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "बंद कर तो भोंगा."

"आणि धंदा?"

"पुण्याचे पाव्हणे मासे दिसले नायत तर समुद्र बदलून मागतील. मागूंदेत. तू बंद कर."

नौका धाकट्या खडकावर आली. रेवतीने जलकर्ण पाण्यात सोडला आणि ध्वनिदीपाचा वीजप्रवाह तोडला. काकांनी श्रवणसंच कानाला लावला आणि वैतागून म्हणाले, "चालूच आसा!"

"बंद केलाय."

"अगो, ऐक तरी!"

तिने ऐकलं. कोळंब्यांची कडकड, पोपटमाशांचं प्रवाळ कुरतडणं, मधेच कुणाची तरी गुरगुर. तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणापेक्षा कितीतरी मोठं आणि भरलेलं.

"हा ध्वनिदीप नाही," ती हळू म्हणाली. "हा खडक आहे. आता तोच हाक मारतोय."

"मग ध्वनिदीप देवखडकावर लाव."

"लावू. पण तिकडे एक यंत्र आणि इकडे अख्खा खडक. आणि चुकून आलीच पिल्लं, तर त्या सांगाड्यांत खातील काय? लपतील कुठे?"

बाजूला दुसरी होडी लागली होती. तिच्यातून पर्यटक हसत-ओरडत पाण्यात उतरत होते.

"मग हेका गप्प कसां करायचां?"

रेवतीकडे उत्तर होतं. तिने काकांच्या हातांकडे पाहिलं. प्रवाळ बसवताना पडलेले ओरखडे त्यांवर पांढरे होऊन राहिले होते.

काकांनी श्रवणसंच तिच्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. त्यातून बारीक कडकड येतच होती.

"नको सांगू," ते म्हणाले.