आतल्या खोलीतली तहान

जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगवत नाही.

साथ ओसरली होती, पण लोक अजून एकमेकांच्या घरी जायला बिचकत होते. अशा दिवसांत रंगाऱ्याला कोण बोलावणार? माझे ब्रश डब्यात वाळून काठीसारखे झाले होते. बायको तापातून वाचली, पण नुसतं उठून बसली तरी तिला धाप लागायची. घरात जे थोडंफार शिजायचं ते मी तिच्यापुढे सरकवायचो आणि "मी बाहेर खाऊन आलोय" म्हणायचो. ते खोटं तिला कळायचं. मग ती म्हणायची, "मला भूकच नाही." आमचं भांडण ते एवढंच.

म्हणून दलालाने एका गल्लीच्या टोकाचं बंद घर रंगवायला दिलं, तेव्हा मी काही चौकशी केली नाही. किल्ली देताना तो म्हणाला, "आतली खोली शेवटी घ्या," आणि फाटकातूनच परत फिरला.

सामान सगळं उचललेलं होतं. आतल्या खोलीत तेवढा एक लोखंडी पलंग, गादी नसलेला, नुसत्या पट्ट्यांचा. मी बाहेरच्या खोलीपासून सुरुवात केली. भिंत खरवडताना हातातल्या पत्र्याचा जो आवाज होतो, तो रिकाम्या घरात फार घुमतो. मी थांबलो की तोही थांबायचा... पण लगेच नाही. क्षणभर उशिरा.

दुपारी वास आला. तापवलेल्या दुधाचा. स्वयंपाकघरात शेगडी नव्हती, नळ कोरडा होता. ओट्यावर मात्र एक झाकलेला वाडगा होता. हात लावला, तर गरम.

शेजारी टपालकाका राहायचे. उभा जन्म पत्रं वाटण्यात गेलेला एकटा म्हातारा. मी कुंपणाशी जाऊन विचारलं, "काका, दूध तुम्ही ठेवलंत का?"

"मी? माझ्याच चहात दूध असतं तर आणखी काय हवं होतं."

खरं सांगतो, मी घाबरलो. पण पोटात कावळे ओरडत असले की भीतीचं फारसं ऐकू येत नाही. मी ते प्यालो.

दुसऱ्या दिवशी वाडगे दोन होते.

घरी कुणी आजारी आहे, हे मी त्या गल्लीत कुणालाही सांगितलं नव्हतं. दुसरा वाडगा मी डब्यात ओतून घरी नेला. बायकोने ते घोट घोट घेतलं.

"कुणी दिलं हो?"

"घरमालकिणीनं."

"त्यांना म्हणावं, देव तुमचं भलं करो."

मी कूस बदलून पडलो. झोप कुठली यायला!

मग ते रोजचंच झालं. तिच्या गालांवर रंग चढत गेला आणि इकडे माझा जीव थाऱ्यावर राहीना. पानाचा आवाज झाला तरी दचकायचो. शेवटी काकांना विचारलंच, "इथे कोण राहायचं?"

काकांनी कुंपणाची तार धरली. "एक बाई. एकटीच. साथीत ज्यांच्या दाराशी कुणी फिरकत नव्हतं, त्यांना दूध नेऊन द्यायची. मला तिनंच जगवलं. मग ती स्वतः पडली."

"आणि?"

"पाणी मागायची. आम्ही खिडक्या लावून घेतल्या होत्या, पण आवाज यायचा..."

ते वळून घरात गेले.

आता आतली खोलीच तेवढी उरली होती. दार ढकललं, तर औषधांचा आणि शिळ्या घामाचा वास अंगावर आला. मी भिंतींना रंगाचा हात दिला. शेवटचा कोपरा होतोय तोच पाठीमागून आवाज आला. घशात अडकलेला.

"पाणी..."

पाय आपोआप दाराकडे वळले. मग वाटलं, या आवाजाकडे सगळ्यांनी अशीच पाठ फिरवली असेल. आणि माझ्या घरात जी चालतीबोलती झाली होती, ती हिच्याच दुधावर. मी बाटलीतलं पाणी डब्याच्या झाकणात ओतलं आणि पलंगाशी गुडघे टेकले.

तापकऱ्याला पाणी कसं पाजतात, ते बायकोच्या आजारपणात शिकलो होतो. मानेखाली हात घालायचा, डोकं जरासं उचलायचं. मी त्या पट्ट्यांवर, हवेखाली, हात घातला... आणि हातावर वजन आलं. माणसाच्या डोक्याचं. चटका बसावा इतकं तापलेलं. ओले केस मनगटाला चिकटले.

"सावकाश," मी म्हणालो. आवाज माझा वाटला नाही. "ठसका लागेल."

झाकणातलं पाणी कमी होत गेलं. पलंगाखालची फरशी कोरडीच होती.

पाणी संपलं तरी वजन हललं नाही. हाताला मुंग्या आल्या. मी बायकोचंच सांगत राहिलो. आज ती दारापर्यंत चालली, तुमचं भलं चिंतते... खोलीत अंधारून आलं. घाम येऊन ताप उतरावा तसं ते डोकं हळूहळू निवलं, आणि मग हातात काहीच नव्हतं.

बाहेर आलो. काका कुंपणाशी उभे होते, हातात भरलेला तांब्या.

"आत यायचं होतं," ते म्हणाले. "खिडकीपर्यंत आलो. तुम्ही तिला पाजत होता, ते दिसलं. पुढे पाऊल उचलेना."

"झालं, काका. ती शांत झाली."

"ती झाली..." त्यांनी माझ्या खांद्यावरून घराकडे पाहिलं. "पण बाकीचे कोण होते? तुमच्या पाठीमागे, भिंतीला टेकून ओळीनं बसलेले. पोरंही होती त्यांत. सगळे तुमच्या हातातल्या पाण्याकडे बघत होते."

मी वळून पाहिलं नाही.

सकाळी घरून कळशी भरून नेली. काका फाटकाशीच होते, दोन बादल्या घेऊन. आम्ही बरोबर आत शिरलो. आतल्या खोलीच्या रंगावर पाठी टेकल्याच्या खुणा होत्या, मोठ्या, लहान, एकीला एक लागून. त्या तिथेच संपत नव्हत्या. बाहेरच्या खोलीचा रंग केव्हाच वाळला होता, त्यावरही त्या उमटल्या होत्या. दारातून पुढे, ओसरीच्या भिंतीवरून, पार फाटकाच्या खांबापर्यंत.

काकांनी बादली खाली ठेवली.

"कुठून सुरुवात करायची?" त्यांनी हळूच विचारलं.