पस्तीस मिनिटांची मुलाखत

"माझी मुलगी पाय घसरून मेली नाही," दारातच उभा राहून म्हातारा म्हणाला. "पण पोलीस म्हणतात, जावई तेव्हा बाहेर होता. आणि याला साक्षीदार तुमची भाचीच."

आत्याने चष्मा काढून पुसला. ती खासगी गुप्तहेर होती आणि ही भाची, बबडी, तिची मदतनीस, तीही नोकरी लागेपर्यंतच. नोकरी लागलीही होती. ऑफिसच नसलेली कंपनी, सगळे आपापल्या घरून काम करणारे. आठ महिने नकार पचवल्यावर पत्र आलं, तेव्हा वर्षभर घरी बसलेले बाबा पहिल्यांदा हसले होते. सोमवारी रुजू व्हायचं होतं.

मुलाखत घेणारी बाई म्हणजे याच म्हाताऱ्याची मुलगी. गुरुवारी अकरा ते अकरा पस्तीस. 'बाई छान खणखणीत बोलत होत्या,' असं बबडीने पोलिसांना सांगून टाकलं होतं. जावई साडेदहापासून वीस लोकांबरोबर एका प्रशिक्षणाला बसला होता. दोनला घरी आला, तर बायको न्हाणीघरात डोकं फुटून पडलेली. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ ढोबळच दिली, साडेनऊ ते बारा.

"दिसायला कशी होती गं?" आत्याने विचारलं.

दिसली कुठे? मुलाखत एकच, आणि तिच्यात कॅमेरा बंद ठेवायचा, तोंड बघून कुणी निवड करू नये, असा त्या कंपनीचा नियमच होता. प्रश्नही ठरलेले, सगळ्यांना तेच; उत्तरांचे गुण लगेच कंपनीकडे जात. बबडीने उलट एक शंका विचारली, तर बाई 'नंतर कळवू' म्हणून मोकळ्या झाल्या.

म्हाताऱ्याने फोन पुढे केला. मुलीच्या सहकाऱ्यांनी तिचा शेवटचा निरोप त्याला पाठवला होता. दहाच्या मीटिंगआधीचा: 'घसा पार बसलाय. आज बोलता येणार नाही.'

आत्याने तिथूनच जावयाच्या घरी फोन लावला. त्याच्या बहिणीने उचलला आणि रस्ता, वळण, जिना सगळं भडाभडा सांगितलं.

तिथे गेल्यावर आत्याने ओळख करून दिली. "ही माझी भाची. तुमच्या वहिनींनी हिचीच मुलाखत घेतली होती."

बहीण जी गप्प झाली ती झालीच. पाणी ठेवलं, मान डोलावली, कोपऱ्यात बसली. तिला विचारलेल्याचंही उत्तर भाऊच द्यायचा. धक्क्याने तिची वाचाच गेलीय म्हणे. बायको वेगळी राहणार होती का, असं आत्याने त्याला विचारलं. छे, सासऱ्यांचे भास.

बबडीला बहिणीची कीव आली. जिन्यात तिने तसं बोलूनही दाखवलं.

"कीव कर हो," आत्या कोरडेपणाने म्हणाली. "पण आधी ऐक. तिला मी बोलायला लावणार आहे. तू आवाज ओळखलास, तर तुझी मुलाखत झालीच नाही असं ठरेल. मग सोमवार विसर."

बबडीला घरी हसणारे बाबा दिसले.

तासाभरात तपास अधिकारी आणि म्हाताऱ्यासह सगळे पुन्हा त्याच खोलीत बसले.

"घसा बसलेली बाई पस्तीस मिनिटं खणखणीत बोलते कशी?" आत्याने सुरुवात केली. "जे तिचा आवाज रोज ऐकत, त्यांना लिहून टाळलं. जिने तो कधीच ऐकला नव्हता, तिच्याशी मात्र बोलणं झालं. ती बाई दहाच्या आधीच गेली होती. यांना हवा होता अकरानंतर ती जिवंत असल्याचा पुरावा. चेहरा दाखवायचा नाही, प्रश्न कागदावरून वाचायचे. एवढं कुणालाही जमतं. पण कागदाबाहेरचा प्रश्न आला की अडतं." ती बहिणीकडे वळली. "फोनवर मला एवढा रस्ता सांगितलात, ताई. माझी भाची समोर आल्यावरच वाचा गेली?"

अधिकारी म्हणाले, "एक वाक्य बोला."

बहीण जमिनीकडे बघत म्हणाली, "मी फक्त प्रश्न वाचले. ढकललं यानेच."

सगळे बबडीकडे बघायला लागले.

"हाच," ती म्हणाली. "हाच आवाज."

संध्याकाळी तिने कंपनीला स्वतःच सगळं लिहून कळवलं. निवड रद्द झाल्याचं उत्तर लगेच आलं, अतिशय सभ्य भाषेत.

पोलीस चौकीच्या पायरीवर म्हातारा तिच्याशेजारी येऊन बसला. "बाळ, शेवटी काही हसली वगैरे का गं ती, तुझ्याशी बोलताना?"

बबडीने त्याचा हात धरला.

"काका," ती म्हणाली, "मी त्यांच्याशी कधी बोललेच नाही."