पिंपातला पाऊस

मी चहा चाखण्याची नोकरी करते, हे त्या रविवारी सगळ्या बसला माझ्या एका भुरक्याने कळले.

सहलीतली ती पहिली वायनरी. तिथल्या बाई पेले वाटत म्हणाल्या, "आधी वास घ्या, मग अगदी छोटा घोट." मी वास घेतला. काहीच नाही. मग अकरा वर्षांची सवय आडवी आली. मान खाली, ओठ पुढे आणि शिट्टीसारखा खणखणीत भुरका! घोट तोंडभर फिरवून मी शेजारच्या कुंडीत थुंकलेसुद्धा. कुंडीत खरे रोप होते.

तीस माना माझ्याकडे वळल्या. माझ्यासोबत आलेल्या मावशीने रुमालात तोंड लपवले.

"चहा का?" मागून कुणीतरी विचारले.

मी वळले. खांद्याला हत्यारांची पिशवी, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, आणि कष्टाने दाबून धरलेले हसू.

"ही वाईन आहे," मी फणकारले.

"ते दिसलं. तुम्ही चहाच्या का, असं विचारलं. आमच्याकडेही घोट ओढतात, पण एवढा दणका चहावाल्यांचाच."

तो पिंपे बनवणारा कारागीर होता. त्याची गाडी बंद पडल्यामुळे आमच्या ड्रायव्हरने त्याला शेवटच्या वायनरीपर्यंत बसमध्ये घेतले. बस लागते म्हणून मावशी पुढच्या सीटवर बसली होती आणि सुटताच डुलक्या घेऊ लागली होती. रिकामी जागा एकच होती — माझ्या शेजारी.

बाहेर द्राक्षमळ्यांच्या ओळी उघडत-मिटत मागे जात होत्या.

"मघाच्या वाईनला कसला वास होता?" त्याने सहज विचारले.

"पिकलेल्या पेरूचा," मी ठोकून दिले.

"हं." त्याने पिशवीचा बंद दोनदा सोडला, दोनदा बांधला. "ती बाटली बिघडलेली होती. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. सगळ्यांनी नाकं मुरडली, बाईंनी बाटली बदलून आणली. तुम्ही तेवढा वेळ... रोपाची माफी मागत होतात."

माझे कान तापले. आणि जे मावशीलाही सांगितले नव्हते, ते मी या अनोळखी माणसाला सांगून टाकले. आठ महिन्यांपूर्वीचा ताप गेला, तो माझी वासाची जाण घेऊन गेला. ऑफिसने मी बरी होईपर्यंत कागदपत्रांचे काम दिले होते. मी बरी आहे, सोमवारी चाखायला बसते, असे मी साहेबांना खोटेच कळवले होते. आज इतक्या वायनरींत एखादा तरी वास येईल, ही शेवटची आशा होती. नाहीतर पर्समध्ये राजीनामा तयार होता, खासगी कारणास्तव.

तो 'होईल बरं' म्हणेल, असे वाटले. त्याने विचारले, "कान ठीक आहेत ना?"

शेवटच्या वायनरीत मंडळी पेल्यांकडे वळली आणि तो मला तळघरात घेऊन गेला. पायऱ्या संपल्या आणि मी थबकले. मंद दिव्यांखाली पिंपांच्या रांगा दूर अंधारापर्यंत गेल्या होत्या. एवढी मोठी शांतता मी कधी पाहिली नव्हती. तो एका पिंपावर बोटाच्या पेराने ठोकत वर सरकला. ठप्प, ठप्प, ठप्प... ठण्ण.

"इथवर भरलंय. आता कान लावा."

मी कान लावला. आधी लाकडाचा गारवा. मग — दूर कुठेतरी, असंख्य पानांवर, बारीक पाऊस.

"आत... पाऊस पडतोय?"

"रस आंबतोय. वाईन व्हायला लागलाय."

बंद लाकडाच्या आत, अंधारात, कुणी बघत नसताना एवढे काही घडत होते! माझे डोळे भरून आले. त्यानेही त्याच पिंपाला कान लावला. आमच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर उरले.

"बोलू नका," तो कुजबुजला.

"मी कुठं बोलतेय?"

"श्वास फार मोठ्यानं चाललाय."

"तो... तुमचा असेल."

तो हसला नाही. "खरं सांगू? रोजच्या सवयीनं मला हा आवाज ऐकू येईनासा झाला होता. आज पुन्हा आला. तुमच्या चेहऱ्यावर."

वर बसचा हॉर्न वाजला. त्याने पिशवीतून पिंपाच्या, आतल्या बाजूने भाजलेल्या फळीचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. हात लगेच उचलला नाही.

"रोज सकाळी हुंगा."

"कसला वास आहे?"

"मी नाही सांगणार. तुम्ही येऊन मला सांगायचा."

"आणि नाहीच आला तर?"

"तर ऐकायला या," तो म्हणाला. "हा पाऊस अजून आठ-दहा दिवस आहे."

परतताना मावशी माझ्या शेजारी येऊन बसली. "हातात काय गं? काय सुंदर वास येतोय, अगदी —"

"सांगू नकोस!" मी ओरडले.

ती बघतच राहिली. मग मी तिला सगळे सांगितले. उद्या साहेबांनाही खरे तेच सांगणार, मग नोकरी राहो न राहो, हेही. राजीनाम्याचे चार तुकडे मी तिच्यासमोरच केले.

मावशीने माझा हात घट्ट धरला. "म्हणजे आठ महिने माझ्या करपलेल्या भाजीला 'वा, वा' म्हणत होतीस, ते यामुळे होय!"

आम्ही दोघी हसलो, मग थोड्या रडलो. मी तुकडा नाकाशी धरला. अजून काहीच नव्हते. पण मी तो खाली ठेवला नाही.

"पुढच्या रविवारचं तिकीट काढ," मावशी डोळे मिटत म्हणाली. "आणि एकच काढ. डुलक्या मला घरीही काढता येतात."